लढाऊ मासा, सयामी : नर-मादी भेद

सयामी लढाऊ मासा हा ऑस्फ्रोनेमिडी मत्स्यकुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स असे आहे. गुरामी व पॅराडाइज मासा हे याच कुलातील होत. हौशी मत्स्यपालकांमध्ये तो ‘बेट्टा’ किंवा ‘फायटर’ या नावांनी ओळखला जातो. थायलंड (पूर्वीचा सयाम) ही त्याची मूळ भूमी असून तेथील भाषेत त्याला ‘पला कत’ म्हणजे ‘चावणारा मासा’ असे म्हणतात. २०१९ मध्ये थायलंडच्या शासनाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली.

या माशाचे नर एकत्र ठेवले असता ते परस्परांवर तुटून पडतात व बहुधा त्यांपैकी एक किंवा दोन्ही गंभीर जखमी होतात. प्रजननास तयार नसलेली मादी नराच्या टाकीत सोडल्यास तिचीही तीच गत होते. त्यामुळे अन्य शोभिवंत माशांच्या बाबतीत नर-मादीची ओळख ही केवळ पैदाशीपुरती उपयोगी असली, तरी लढाऊ माशाच्या बाबतीत ती प्रत्यक्ष माशाच्या जीविताशी निगडित आहे. लांब व झुबकेदार पर असलेला तो नर आणि आखूड पर असलेली ती मादी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अनेकदा खरी ठरते. तथापि तिच्यावर पूर्णपणे विसंबता येत नाही. परांची अतिरिक्त लांबी हा निसर्गाने नव्हे, तर मनुष्याने केलेल्या निवडीचा परिणाम आहे, हे त्याचे कारण होय.

इतिहास व वर्गीकरण : थिओडोर कँटर यांनी १८४९ मध्ये या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले व त्याला मॅक्रोपोडस पग्नॅक्स असे नाव दिले. माशांच्या झुंजी लावण्याचा परवाना सयाममध्ये मक्त्याने दिला जात असे व त्यापासून राजाला उत्पन्न मिळत असे, अशी माहितीही त्यांनी नोंदविली आहे. पुढे कँटर यांनी दिलेले नाव दुसऱ्याच एका जातीचे असल्याचे लक्षात आल्यावर सी. टेट रीगन यांनी १९१० मध्ये लढाऊ माशाला बेट्टा स्प्लेंडेन्स हे नवे नाव दिले. बेट्टा वंशात आता सत्तरांहून अधिक जाती मानल्या जातात. मत्स्यालयांत दिसणारा मासा प्रामुख्याने बेट्टा स्प्लेंडेन्सपासून निपजलेला असला, तरी त्यात निकटच्या काही जातींचाही संकर झालेला आहे.

मूळ रानटी मासा सु. ५–६ सेंमी. लांब असतो. भातखाचरे, दलदली, पाटाचे पाणी अशा उथळ, संथ व वनस्पतींनी भरलेल्या जागी तो राहतो. अशा पाण्यात ऑक्सिजनाचे प्रमाण कमी असते. परंतु डोक्यात क्लोमांच्या (कल्ल्यांच्या) वर असलेल्या चक्रव्यूहासारख्या घडीदार इंद्रियामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेतील ऑक्सिजन घेऊ शकतो. रानटी नराचे पर मादीच्या परांपेक्षा थोडेच मोठे असतात. शांत असताना दोघेही मळकट तपकिरी दिसतात. नर उत्तेजित झाला की मात्र त्याचे अंग काळसर होते, खवल्यांवर निळी-हिरवी झळाळी चढते व परांवर तांबडा रंग खुलतो. म्हणजे मूळ जातीत नर-मादींतील फरक असतो, पण तो बेताचा असतो व प्रसंगी प्रकट होतो.

झुंजीसाठी पाळताना दणकट अंग, जाड खवले व आखूड पर असलेले नर निवडले गेले. या प्रकारास आज ‘प्लाकट’ म्हणतात. पुढे शोभेसाठी उलट दिशेने निवड झाली व लांब, लोंबत्या परांचे ‘व्हेलटेल’ प्रकार निपजले. शेपटी अर्धवर्तुळाकार पसरणारा ‘हाफमून’ हा प्रकार यूरोप व अमेरिकेतील हौशी पैदासकारांनी १९८० नंतरच्या काळात स्थिर केला. परांचे काटे पडद्याबाहेर आलेला ‘क्राउनटेल’ हा प्रकार इंडोनेशियातून पुढे आला. बाजारात येणाऱ्या नर-मादींतील ठळक फरक हा या निवडीचे फळ होय. निवडीची दिशा बदलली की ओळखीची खूणही बदलते, हे पुढील विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

लैंगिक द्विरूपतेचे कारण : एकाच जातीच्या नर व मादी यांच्या बाह्य रूपात भेद असणे याला लैंगिक द्विरूपता म्हणतात. लढाऊ माशात तिचा उगम नराच्या कामांत आहे. नर आपला प्रदेश राखतो, पाण्याच्या पृष्ठभागावर लाळमिश्रित बुडबुड्यांचे घरटे बांधतो, मादीला आकर्षित करतो आणि अंड्यांची व पिलांची राखण करतो. प्रतिस्पर्ध्याला भिववावयाचे असो वा मादीला आपल्याकडे ओढावयाचे असो, दोन्ही कामांत शरीर मोठे व तेजस्वी दिसण्याने लाभ होतो. मादीचे मुख्य काम अंडी तयार करून ती योग्य वेळी सोडण्याचे असते. त्यामुळे नराची लक्षणे प्रदर्शनाच्या अवयवांत, म्हणजे पर, रंग व प्रच्छदकला (कल्ल्यावरील झाकणाची पातळ त्वचा) यांत, तर मादीची लक्षणे उदर व जननछिद्र यांत शोधावी लागतात. नराची लक्षणे डोळ्यांत भरणारी, पण बदलणारी असतात. मादीची लक्षणे सूक्ष्म, पण अधिक भरवशाची असतात.

परांची लक्षणे : माशाच्या परांना शास्त्रीय परिभाषेत पक्ष म्हणतात. नराचे पृष्ठपक्ष (पाठीवरील), गुदपक्ष (पोटाखालील लांब) व पुच्छपक्ष (शेपटीचा) हे तिन्ही मोठे असतात. लांब परांच्या प्रकारांत ते अंगाच्या उंचीहूनही अधिक वाढतात. मादीत त्यांची लांबी त्याच प्रकारच्या नराच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

लांबीपेक्षा आकार अधिक बोलका असतो. नराचा गुदपक्ष मागील बाजूस उतरता होत जाऊन टोकदार होतो. मादीच्या गुदपक्षाची खालची कड बव्हंशी शरीरास समांतर राहते. प्लाकट प्रकारात पर आखूड असल्याने लांबी निरुपयोगी ठरते, परंतु गुदपक्षाचा हा टोकदार उतार नरात तेथेही दिसतो. श्रोणिपक्ष म्हणजे कल्ल्याखालून निघणारी अरुंद जोडी. नरात ते लांब, रुंद व घट्ट असतात, तर मादीत आखूड व बारीक असतात. प्लाकट माशांची पारख करताना अनुभवी पैदासकार प्रथम या दोन परांकडे पाहतात.

शरीराची ठेवण : वरून किंवा बाजूने पाहिले असता नराचे शरीर लांबट व काहीसे चपटे, तर मादीचे आखूड व रुंद दिसते. अंडी भरलेल्या मादीचे उदर दोन्ही बाजूंना फुगलेले असते. तथापि भरपेट खाल्लेला नर, बद्धकोष्ठ झालेला मासा किंवा जलोदराचा रोगी मासाही असाच दिसतो. म्हणून उदराची तपासणी माशाला खाद्य देण्यापूर्वी करणे इष्ट असते. फुगवटा अंड्यांचा असल्यास तो उदराच्या मागील भागापर्यंत पसरतो; अन्नाचा असल्यास तो पुढच्या भागात, श्रोणिपक्षांच्या जवळ राहतो.

रंग व पट्टे : सर्वसाधारणपणे नर गडद व चमकदार, तर मादी फिकट असते. परंतु रंगांवर दीर्घकाळ निवड झाल्यामुळे आज तेजस्वी तांबड्या, निळ्या व बहुरंगी माद्याही विपुल मिळतात. उलटपक्षी आजारी, भेदरलेला किंवा थंड पाण्यात ठेवलेला नर फिकट पडतो. यास्तव रंग हे पूरक लक्षण समजावे.

अंगावरील पट्टे अधिक अर्थपूर्ण असतात. भ्यालेल्या किंवा दडपणाखालील माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे पट्टे उमटतात. ते लहान पिलांत दोन्ही लिंगांमध्ये दिसतात. त्यामुळे त्यांवरून लिंगनिश्चिती होत नाही. प्रजननास तयार झालेल्या मादीच्या अंगावर मात्र नराच्या सान्निध्यात फिकट उभे पट्टे दिसू लागतात. गडद रंगाच्या मादीत ते स्पष्ट असतात. पांढुरक्या किंवा फिकट अंगाच्या प्रकारांत ते दिसत नाहीत. उभे पट्टे दिसले तर मासा बहुधा मादीच, असा निष्कर्ष काढता येतो. ते दिसले नाहीत म्हणून मासा नर, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

प्रच्छदकला : कल्ल्याच्या झाकणाखाली असलेली ही पातळ त्वचा उत्तेजित मासा बाहेर पसरतो, तेव्हा त्याच्या गळ्याभोवती दाढीसारखी कड दिसते. नरात ती रुंद व गडद असून मासा शांत असतानाही तिची कड पुष्कळदा झाकणाबाहेर डोकावते. मादीतही ती असते व मादीही कल्ले फुलविते. परंतु तिची कला अरुंद असते आणि झाकण मिटल्यावर ती दिसत नाही. म्हणून मासा कल्ले फुलवितो की नाही यापेक्षा फुलविल्यावर दाढी किती बाहेर येते, हे पाहावयाचे असते. यासाठी टाकीबाहेर लहान आरसा धरतात. नर स्वतःच्या प्रतिबिंबास प्रतिस्पर्धी समजून पर व कल्ले पसरतो. ही चाचणी काही मिनिटांपुरतीच करावी. आरसा सतत समोर राहिल्यास मासा थकतो व त्याला विश्रांती मिळत नाही.

अंडनिक्षेपक : मादीच्या पोटाखाली, श्रोणिपक्षांच्या मागे व गुदपक्षाच्या आरंभापाशी, मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका असतो. हे अंडनिक्षेपकाचे, म्हणजे ज्यातून अंडी बाहेर पडतात त्या नलिकेचे, बाहेर आलेले टोक होय. प्रौढ मादीच्या ओळखीचे हे सर्वांत महत्त्वाचे बाह्य लक्षण आहे. कारण ते शोभेच्या अवयवांशी नव्हे, तर प्रत्यक्ष जननेंद्रियाशी संबंधित आहे व परांच्या लांबीवर झालेल्या निवडीचा त्यावर परिणाम होत नाही.

हा ठिपका पाहण्यासाठी मासा पाण्याबाहेर काढण्याची गरज नसते. तो पारदर्शक काचेच्या भांड्यात ठेवून खालून पाहावे किंवा पृष्ठभागाजवळ थोडे खाद्य धरावे. खाद्य घेण्यासाठी मासा तिरका होताच त्याची पोटाखालची बाजू दिसते. मात्र या लक्षणालाही दोन मर्यादा आहेत. अगदी तरुण नरांतही त्या जागी कधीकधी लहानसा पांढरा उंचवटा दिसतो व वाढीबरोबर तो नाहीसा होतो. तसेच पांढऱ्या रंगाच्या माशात हा ठिपका पार्श्वभूमीत मिसळून जातो. त्यामुळे तरुण माशात एकदा ठिपका दिसला, एवढ्यावर निर्णय न देता दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहणे योग्य ठरते.

प्रकाशपरीक्षा : फिकट अंगाच्या व तरुण माशांत अंडाशय बाहेरून पाहता येतो. अंधाऱ्या जागी माशाच्या मागून विजेरीचा प्रकाश पाडल्यास शरीर अर्धपारदर्शक दिसते. उदरपोकळीच्या मागे, वाताशयाच्या (माशाला तरंगण्यास मदत करणाऱ्या हवेच्या पिशवीच्या) खालच्या बाजूस मादीत पिवळसर त्रिकोणी आकृती दिसते. तिचे टोक शेपटीकडे निमुळते होत गेलेले असते. हाच अंडाशय होय. नरात ती जागा रिकामी किंवा सारखी पारदर्शक दिसते, कारण वृषण बारीक असतात व प्रकाश अडवीत नाहीत. सुमारे दोन महिन्यांच्या पिलांत, म्हणजे पर वाढण्यापूर्वीच, या रीतीने निवड करता येते. गडद निळ्या वा काळ्या माशात प्रकाश आरपार जात नसल्याने ही परीक्षा निष्फळ ठरते. प्रकाश फार प्रखर नसावा व तो क्षणभरच पाडावा.

वर्तन : बुडबुड्यांचे घरटे बांधणे हे नराचे काम समजले जाते व बहुतेक वेळा ते खरे असते. तथापि माद्यांनीही लहान घरटी बांधल्याची उदाहरणे आहेत आणि पुष्कळ नर प्रतिकूल परिस्थितीत घरटे बांधीतच नाहीत. आक्रमकतेबद्दलही असेच म्हणता येईल. माद्या एकत्र ठेवल्यास त्यांच्यात वरिष्ठ-कनिष्ठ अशी क्रमवारी लागते व तीत चावे, पाठलाग व परांची हानी घडते. यावरून भांडणारा तो नर, हा समज टिकत नाही.

खरा निर्णय प्रजननाच्या वेळी होतो. पृष्ठभागाखाली नर आपले शरीर मादीभोवती गुंडाळतो. त्या आलिंगनात मादी अंडी सोडते व नर त्यांचे फलन करतो. अंडी पाण्यापेक्षा जड असल्याने बुडू लागतात. ती नर तोंडात गोळा करून घरट्यात ठेवतो. ही क्रिया अनेकदा घडून अंड्यांची संख्या काही शेकड्यांपर्यंत जाऊ शकते. २६°–२८° से. तापमानात सु. दीड ते दोन दिवसांत अंडी फुटतात व आणखी दोन-तीन दिवसांनी पिले मोकळी पोहू लागतात. अंडी सोडून झाल्यावर नर मादीला हुसकावून लावतो. लहान टाकीत तिला पळावयास जागा नसल्याने तो तिला ठारही मारतो. म्हणून मादी ताबडतोब वेगळी करावी लागते. पिले पोहू लागल्यावर नरालाही बाजूला काढतात.

वयाचा प्रश्न : पिलांत पहिल्या दीड-दोन महिन्यांपर्यंत नर-मादी भेद बाहेरून दिसत नाही. त्यानंतर नरांचे पर वाढू लागतात, ते एकमेकांसमोर कल्ले फुलवू लागतात व पैदासकार त्यांना वेगवेगळ्या भांड्यांत ठेवतात. साधारणपणे तीन ते चार महिन्यांत मासा प्रजननक्षम होतो व तेव्हा लक्षणे पक्की होतात. परंतु सर्व नर एकाच गतीने वाढत नाहीत. कळपात दडपलेला नर उशिरा वाढतो व दीर्घकाळ मादीसारखा दिसतो. मोठ्या समूहात राहणाऱ्या ‘मादी’चे पर काही आठवड्यांत अचानक लांबले, ती गडद झाली व तिने इतरांवर हल्ले सुरू केले, तर ती बहुधा आरंभापासून नरच होती व तिची ओळख चुकली होती, असे समजावे. लिंगबदल झाला असा निष्कर्ष घाईने काढणे बरोबर नाही.

लिंगनिश्चिती व लिंगबदल : लिंगबदलाची कल्पना मात्र अगदीच निराधार नाही. लो व लार्किन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रौढ माद्यांचे अंडाशय शस्त्रक्रियेने काढले असता त्यांपैकी काहींमध्ये वृषण तयार झाले. त्यांचे पर व रंग नरासारखे झाले आणि त्यांनी दुसऱ्या माद्यांच्या अंड्यांचे फलनही केले. यावरून मादीच्या शरीरात नर होण्याची क्षमता सुप्त असते व अंडाशय तिला दाबून ठेवतो, असे दिसते. मादीला टेस्टोस्टेरोन हे नर-हॉर्मोन दिल्यास तिचे पर, रंग व आक्रमकता नराकडे झुकतात, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मदुराई कामराज विद्यापीठातील किरणकुमार व पांडियन यांनी पिलांना अशाच प्रकारच्या हॉर्मोनाच्या द्रावणात ठेवून नररूप मासे तयार केले व त्यांच्या वाढीचा व प्रजननाचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला.

गुणसूत्रांच्या दृष्टीने पाहता शोभेच्या लढाऊ माशात लिंगनिश्चिती बव्हंशी मनुष्याप्रमाणे, म्हणजे मादीत दोन सारखी व नरात दोन वेगळी गुणसूत्रे या पद्धतीने होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोम अभ्यासात ‘डीएमआरटी१’ या जनुकाचा (जीनाचा) तिच्याशी निकटचा संबंध आढळला. हे जनुक अन्य पृष्ठवंशी प्राण्यांतही वृषणाच्या घडणीशी संबंधित आहे. मात्र या नियमाला लढाऊ माशात अपवाद आढळतात.

या संशोधनाचा ओळखीच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. पर, रंग, दाढी व आक्रमकता ही सर्व दुय्यम लैंगिक लक्षणे नर-हॉर्मोनावर अवलंबून असतात. त्यामुळे हॉर्मोन वाढले की मादीतही ती उमटू शकतात. ती सर्व एकाच कारणातून येत असल्याने ती एकत्र दिसली, तरी परस्परांना स्वतंत्र पुरावा ठरत नाहीत. अंडनिक्षेपक व अंडाशय हे मात्र मादीपणाचे प्रत्यक्ष अवयव आहेत. लांब परांची, गडद रंगाची, पण पांढरा ठिपका व अंडाशय असलेली मासोळी ही मादीच होय.

मुखपोषी जाती : वरील लक्षणे बुडबुड्यांचे घरटे बांधणाऱ्या जातींना लागू पडतात. बेट्टा वंशातील अनेक जाती मुखपोषी आहेत. म्हणजे त्यांत नर अंडी तोंडात सांभाळतो. बेट्टा पग्नॅक्स ही अशीच एक जाती होय. अशा जातींत नराचे डोके व जबडा रुंद असतो. म्हणून अपरिचित जातीचा मासा हाती आल्यास प्रथम जाती निश्चित करून मग लिंग पाहणे श्रेयस्कर.

व्यवहारातील चुका व त्यांचे परिणाम : महाराष्ट्रातील शोभिवंत माशांच्या दुकानांत लांब परांचे नर बहुधा लहान बाटल्यांत एकएकटे, तर माद्या एका टाकीत एकत्र ठेवलेल्या असतात. त्यामुळे ग्राहक माशाऐवजी भांड्यावरून लिंग ओळखू लागतो. टाकीत एकत्र असलेल्यांमध्ये वाढ न झालेले नर किंवा प्लाकट नर असण्याची शक्यता असते. असा मासा मादी म्हणून घरी नेऊन नराच्या टाकीत सोडल्यास झुंज अटळ ठरते. माद्यांचा समूह म्हणून आणलेल्या माशांत असा एक नर असल्यास काही आठवड्यांनी इतरांचे पर फाटलेले आढळतात. याउलट, लांब परांची मादी नर समजून एकटी ठेवली व तिचे पोट फुगले, तर तिला रोगी समजून अनावश्यक औषधे दिली जातात.

या चुका टाळण्यासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो : (१) माशाचा प्रकार व अंदाजे वय विचारात घ्यावे; दोन महिन्यांखालील माशाबद्दल निर्णय देऊ नये. (२) पोटाखालील पांढरा ठिपका पाहावा. (३) फिकट माशात प्रकाशपरीक्षेने अंडाशय शोधावा. (४) श्रोणिपक्षांची जाडी, गुदपक्षाचा उतार व दाढीची रुंदी पडताळावी. (५) रंग, परांची लांबी व वर्तन यांचा विचार शेवटी करावा. दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीचा कौल चौथीशी जुळत नसल्यास मासा एकटा ठेवून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावा. एकटेपणाने या माशाचे काही बिघडत नाही. घाईने त्याचा जीव जाऊ शकतो. पैदाशीसाठी जोडी लावतानाही मादी प्रथम काचेच्या नळीत किंवा पडद्याआड ठेवून दाखवितात. नर घरटे बांधू लागला व मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसले, म्हणजे तिला मोकळे सोडतात.

हा मासा हवेतून श्वसन करू शकतो म्हणून त्याला बाटलीत ठेवणे चालते, हा समजही चुकीचा आहे. त्या क्षमतेमुळे तो अशा भांड्यात गुदमरून मरत नाही एवढेच. मलमूत्रातून साचणाऱ्या अमोनियापासून मात्र ती त्याचे रक्षण करीत नाही. भारतात प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० यात ‘प्राणी’ या शब्दात मनुष्येतर सर्व सजीव प्राणी येतात व करमणुकीसाठी प्राण्यांच्या झुंजी लावणे हा त्यानुसार गुन्हा आहे. माशांच्या झुंजीही त्यात मोडतात. मुद्दाम लावलेली झुंज आणि ओळखीच्या चुकीमुळे घडलेली झुंज यांत माणसाच्या हेतूचा फरक असतो. माशाच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम एकच असतो. मनुष्याने शतकानुशतके या माशाची आक्रमकता व नंतर त्याचे पर वाढविले आणि त्यांमुळे त्याची ओळखही अवघड करून ठेवली. म्हणूनच ती बिनचूक करण्याची जबाबदारी मासा पाळणाऱ्यावर येते.